पहिलीच्या वर्गासाठी

सीमंतिनीने फळ्यावर लिहिलं, ‘बातमी एक, वाचणारे वेगळे.’ खडू तुटला. तिने दुसरा उचलला, पण पुढे काय लिहायचं होतं ते आठवेना.

हिंदी मुलखातल्या त्या शाळेत अकरावीचा मराठीचा तास होता. पहिल्या बाकावर अवंतिका एकटीच बसली होती. तिच्या शेजारी बसणारी गरिमा कालपासून शहरातल्या एका हॉस्पिटलात होती. वर्गाबाहेरच्या गॅलरीचा कठडा सुटला आणि ती खाली अंगणात पडली. कमरेचं हाड मोडलं होतं. पुन्हा नीट चालेल की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते. सुटलेल्या जागी शाळेने दोरी बांधली होती. बाकीचा कठडा तसाच होता.

“आज शाळेतली वीज गेली, एवढीच बातमी,” सीमंतिनी म्हणाली. “एकदा मुख्याध्यापकांसाठी लिहा, एकदा मित्रासाठी, आणि एकदा तुम्ही निवडाल त्याच्यासाठी. वाचणारा कोण आणि त्याला हे का सांगायचं, ते आधी ठरवा.”

मुलांनी माना खाली घातल्या. टेबलावरचा फोन थरथरला. संस्थेचे सचिव जयसिंहराव विचारत होते, पालकांना पाठवायचं निवेदन झालं का. सकाळी त्यांनी तिला बोलावून सांगितलं होतं, “तुमची भाषा चांगली आहे, ताई. पालक घाबरतील असं काही नको. खेळताना तोल गेला, बस.”

गरिमा खेळत नव्हती. कठड्याला टेकून ती केसांना रबर लावत होती. सीमंतिनी तेव्हा समोरच्या जिन्यात होती.

तिने फोन पालथा ठेवला आणि बाकांमधून फिरू लागली. पुढून मागे, मागून पुढे. कुणाच्या कागदावर काय आहे ते तिला वाचायचं होतं, पण अक्षरांवर नजर ठरत नव्हती.

“कोण वाचून दाखवतं?” तिने विचारलं.

मग ध्रुव उभा राहिला.

“मॅडम, मी बिजली का नहीं लिखा.”

“मग?”

“गरिमाचं लिहिलं. पहिलीच्या मुलांसाठी. त्यांचा वर्ग पण याच गॅलरीत आहे ना.”

“वाच.”

ध्रुवने कागद डोळ्यांजवळ नेला. “ऊपर की रेलिंग से मत टिकना. वो हिलती है. गरिमा दीदी टिकी थीं.”

तो थांबला. एवढंच होतं.

“मराठीचा तास आहे, ध्रुव,” ती सवयीने बोलून गेली.

“पर मॅडम, त्यांना मराठी कुठे येते? तुम्हीच म्हणालात, वाचणारा कोण ते पहा.” मग जरा घुटमळून म्हणाला, “वाचता तर हिंदी पण नाही येत त्यांना. कुणीतरी वाचून दाखवायला लागेल.”

अवंतिका रडत होती. तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

सीमंतिनीने हात पुढे केला. ध्रुवने कागद दिला. ती तशीच वर्गाबाहेर पडली, गॅलरीच्या टोकाला पहिलीचा वर्ग होता तिथे गेली आणि बाईंची परवानगी घेऊन तिने त्या तीन ओळी वाचून दाखवल्या. दोनदा.

बाहेर आली तर जयसिंहराव उभे होते, कठड्यावर एक हात ठेवून.

“वर्ग सोडून फिरताय, ताई? निवेदनाचं काय झालं?”

“‘खेळताना’ असं मी लिहिणार नाही, जयसिंहराव. ती कठड्याला टेकली होती. मी पाहिलंय. उरलेला कठडा ढिला आहे, हेही लिहीन.”

“मग ते पाठवता नाही येणार.”

“मग दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. पण मला जे विचारतील त्यांना मी हेच सांगेन.”

“हा शाळेच्या नावाचा प्रश्न आहे. शांतपणे विचार करा,” ते म्हणाले. “तुमची नोकरीही इथेच आहे.”

मधल्या सुट्टीची घंटा झाली. पहिलीची मुलं डबे घेऊन ओळीने बाहेर आली आणि भिंतीला खांदे घासत चालू लागली. एकही मूल गॅलरीच्या मध्यावर आलं नाही. ओळीतली एक मुलगी जयसिंहरावांपाशी थांबली. तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग वर त्यांच्या तोंडाकडे.

“सर,” ती हळूच म्हणाली, “आप भी इधर आ जाइए.”