वार आणि जखम

मोबाईलवरच्या त्या ग्रुपात सगळे मिळून एक कथा लिहीत, प्रत्येकाचं पात्र वेगळं. लढाईत वार करणाऱ्याने फक्त वार लिहायचा. तो लागला की चुकला, हे ज्याच्यावर झाला त्याने. त्यामुळे मरायला कोणीच तयार नसे. डिचोलीच्या गौरेशचा भैरव तर आजवर हरलाच नव्हता.

आज त्याने पेडण्याच्या कमलाक्षीच्या म्हाताऱ्या सेनापतीवर तलवार घातली. वर डिवचलं, "चुकय बघूया, बाये!"



तिने लिहिलं, "वार छातीत बसला." आणि म्हाताऱ्याला हरिनाम घेत सावकाश मरू दिलं.

गौरेशने विजयाची आरोळी लिहिली. तिकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्यांची पात्रं तिरडी बांधण्यात गुंतली होती.

मग त्याने हळूच विचारलं, "कमलाक्षीबाय, भैरवान खांदो दिलो तर चलात?"