पाहुण्यांचं मीटर

"हे सोडून कोणतंबी घ्या, काका," दुकानदार म्हणाला. "हे बिघडल्यालं हाय. गॅसला वाजतं ते ठीक, पण काल एक गिऱ्हाईक जरा पिऊन आलतं, तर त्याच्या तोंडापुढंबी बोंबलाया लागलं."

पंडितरावांनी हातातली गॅसगळती तपासायची दोन चांगली मीटरं काउंटरवर ठेवली. एकाला हिरवा दिवा होता, दुसऱ्यावर आकडे दिसत होते. पुन्हा त्या दोन्हींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"हेच द्या. घर तपासायचं हाय."

"कुणाचं?"

"व्हणाऱ्या जावयाचं."

थोरली मुलगी मंगल त्यांनी चौकशी न करता दिली आणि नवरा पक्का दारुडा निघाला. दुधानं तोंड पोळलेले पंडितराव तेव्हापासून ताकही फुंकून पीत होते. धाकट्या मनिषाला आलेली स्थळं त्यांनी नुसत्या संशयावर परत पाठवली. एकाचे डोळे लाल होते, एक जास्तच हसत होता, एक तर सारखी बडीशेप खात होता. बडीशेप खाणारा माणूस काहीतरी लपवतोच, असं त्यांचं ठाम मत. आता मात्र स्थळंच येईनाशी झाली होती. घाटनांदूरचं हे एवढं एक उरलं होतं आणि ते हातचं गेलं तर पोरीचं काय, हीच त्यांना धास्ती होती.

रविवारी ते सिरसाळ्याहून घाटनांदूरला पोचले. पाणी झालं, चहा झाला आणि पंडितरावांनी पिशवीतून मीटर काढलं.

"गॅस गळतो का बघतो," ते म्हणाले. "पोरीच्या बापाला काळजी असतीच."

"बघा की," मुलाची आई रतनबाई कौतुकानं म्हणाल्या. "लई जीव लावणारी माणसं दिसत्यात."

पंडितरावांनी शेगडीवरून मीटर फिरवलं. गप्प. नळीवरून फिरवलं. गप्प. मग धान्याची कोठी, देव्हारा, पलंगाखालची ट्रंक आणि मुलाच्या वडिलांच्या मिशा. तरी गप्पच. पंडितरावांचा चेहरा फुलत गेला. शेवटी खुर्चीत अंग चोरून बसलेल्या सोमेश्वरपुढे, म्हणजे खुद्द नवऱ्या मुलापुढे, त्यांनी मीटर धरलं. ते असं किंचाळलं की दारातली शेळी दावं तोडून पळाली.

"पितोय!" पंडितराव ओरडले. गॅसचं सोंग तिथंच संपलं.

"आईची शप्पत, कधी थेंबाला शिवलो न्हाई!"

"सेंट मारलाय हो त्यानं, अर्धी बाटली! त्यातबी स्पिरिट असतंयच की!" रतनबाई कळवळल्या. "ऊठ रं सोम्या. आंघोळ कर आन् दाव पाहुण्याला."

"आई, डोक्यावरून नगं," सोमेश्वर काकुळतीला आला. पण रतनबाईंना दारूचा डाग धुवायचा होता. त्यांनी त्याला अंगणातल्या दगडावर बसवलं आणि बादली सरळ डोक्यावर रिकामी केली.

पाणी काळं ओघळलं. दुसऱ्या बादलीला कानशिलं पांढरी झाली. तिसरीला सगळं डोकं. सकाळी घाईत लावलेला कलप अंगणातून वाहत गल्लीत गेला.

पंडितरावांनी जवळ जाऊन मीटर धरलं. ते हूं की चूं करेना.

"वय काय म्हणं तुमचं?"

"कागदावर अठ्ठावीस," सोमेश्वर खाली मान घालून म्हणाला. "खरं चाळीस. खरं सांगितलं की कुणी दारातबी उभं करत न्हाई, मामा."

रतनबाईंनी तोंडाला पदर लावला. पंडितराव त्या ओल्या पांढऱ्या डोक्याकडे पाहत राहिले. पोराची त्यांना फार दया आली. मग त्यांनी मीटर बंद केलं, खांद्यावरचा पंचा काढला आणि स्वतःच त्याचं डोकं पुसायला लागले.

"पोरगी बघाया असंच या," ते म्हणाले. "आमची मनिषाबी कागदावरच चोवीसची हाय."