जागं करून द्या

बदलीची बाई रोझमेरी चर्चमधली मिस्सा आटपून थेट आली, पण ओटीवरच थांबली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना.

"पेशंट जागा आहे ना?" तिने बाहेरूनच विचारलं.

"झोपलेत जरा," पिंकी म्हणाली. तिची बॅग भरून तयार होती. "तुम्ही या ना आत, आंटी. मी निघते."

"मग जागं करून दे. दोन घोट पाणी पिऊ दे, स्वतःचं नाव सांगू दे. की मी आत आणि तू मोकळी."

घरी राहून म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बायकांचा हा आपसातला नियम. कुठल्या ब्युरोने तो घालून दिलेला नाही. कुणीतरी कधीतरी पोळली आणि बाकीच्या शहाण्या झाल्या. बदलीवर आलीस तर पेशंट जागा असताना ताब्यात घे. झोपलेला घेतलास आणि तो उठलाच नाही, तर घरचे तुलाच धरणार.

पिंकीनेही आजवर प्रत्येक पेशंट असाच घेतला होता. आज मात्र तिला हा नियम म्हणजे निव्वळ जाच वाटला. दोन महिन्यांनी सुट्टी मिळत होती. लेक कळंबला आजीकडे होती आणि हल्ली फोनवर तिलाच विचारायची, "कोन बोलतंय?"

'चोवीस तासांची बाई' म्हणताना झोपेचे तास कुणी वजा करत नाही. जगन्नाथआप्पांना तर रात्र म्हणजे वाडीला पाणी लावायची वेळ. होळी गावातली ती वाडी कधीच विकली, तिथे इमारत उभी राहिली, तरी आप्पा पुन्हा पुन्हा उठून बसायचे. "पंप चालू केलास का गं?" त्यांना समजावून निजवायचं, ओलं झालेलं बदलायचं, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चहाचं आधण ठेवायचं. डॉक्टरांनी रात्री झोपेची अर्धी गोळी लिहून दिली होती. काल पिंकीने दोन अख्ख्या दिल्या. एक रात्र तरी सलग पाठ टेकावी, एवढंच तिच्या मनात होतं. आणि खरंच, ती मेल्यासारखी झोपली.

आता ती आप्पांच्या खोलीत गेली. ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसलं. हात चोळले, तळपाय चोळले.

"आप्पा, पंप चालू केला हो. पानी आलं बघा."

एरवी एवढं ऐकलं की ते ताडकन उठायचे. आज पापणीही हलली नाही. श्वास चालला होता, पण मध्येच थांबायचा. तो थांबला की पिंकीही आपला श्वास धरून उभी राहायची.

तेवढ्यात सूनबाई, दिशावहिनी, खोलीत आल्या. अंगावर ठेवणीतली साडी, हातात कपबश्यांचा ट्रे. त्यांच्या लेकीला, कृतिकाला, बघायला आज विरारहून मंडळी येणार होती आणि वहिनींचे यजमान, विलासदादा, त्यांना आणायला नाक्यावर गेले होते.

"उठवू नकोस गं त्यांना," वहिनी हळूच म्हणाल्या. "काल दुधात मीच गोळ्या घातल्यात. पाहुण्यांसमोर पंप पंप करत बसले असते. दुपारपर्यंत झोपतील. कुठे बोलू नकोस."

ते दूध पिंकीनेच चमच्याने पाजलं होतं आणि वर आपल्या गोळ्या दिल्या होत्या. दोघींनी एकमेकींपासून लपवून एकच गोष्ट केली होती, आणि ते फक्त तिला एकटीला कळलं होतं. बोलावं तर काम जाणार, कदाचित पोलीसही येतील. न बोलावं तर हा माणूस जाणार. ती भयंकर घाबरली. बॅग उचलून पळत सुटावं, असंही क्षणभर मनात आलं. मग आप्पांचा श्वास पुन्हा अडकला.

"वहिनी, मी पन दिल्यात. तुमच्या वर आनखी दोन. डॉक्टरला बोलवा, आत्ताच्या आत्ता."

वहिनींनी ट्रे खाली ठेवला. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं, मग बराच वेळ पिंकीकडे. कपाटाची हरवलेली किल्ली सापडावी तसा त्यांचा चेहरा हळूहळू निवळत गेला.

"तू दिल्यास," त्या म्हणाल्या. "मी कुठे काय दिलं?"

"अहो, आत्ताच तर तुम्ही..."

"पाहुणे जाऊ देत. मग बघू."

फाटकाशी गाडी थांबली. वहिनी चटकन बाहेर आल्या, पिंकी आत असतानाच खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. पदर सारखा करत त्या ओटीवर गेल्या. रोझमेरी अजून तिथेच होती.

"काय झालं, मॅडम? उठले का पेशंट?"

आतून दार धडधड वाजलं.

"उठले की. ऐका ना," वहिनी हसून म्हणाल्या. "पण तुम्ही आता परत जा. आज पिंकीच थांबतेय."