मोकळ्या रस्त्यावरचा सायरन

वडिलांना अँब्युलन्समध्ये चढवताना ड्रायव्हर उस्मानभाईंनी हर्षालीला ओळखलं. दिवाळीपर्यंत ती याच गाडीवर होती. कंत्राटी पगारात भागेना, म्हणून आता साड्यांच्या दुकानात कामाला जाते. तिथे पैसे जास्त मिळतात.

तिच्या जागेवर आलेली मुलगी वडिलांची छाती दाबत होती. ती दमली, तशी हर्षालीने ओढणी कमरेला बांधली आणि स्वतः दाबू लागली. हात काही विसरले नव्हते.

बऱ्याच वेळाने मुलीने वडिलांच्या मानेवर बोटं ठेवली, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि हर्षालीचे हात धरून थांबवले. मग ड्रायव्हरच्या पाठीमागच्या काचेवर हलकेच टकटक केली. "भाई, सायरन चालू राहू द्या."

रस्ता तर मोकळाच होता. पेशंट वाटेत गेला, तरी दवाखाना येईपर्यंत सायरन बंद करायचा नाही, घरच्यांचा धीर सुटतो, हे नोकरी सोडताना हर्षालीनेच तिला शिकवलं होतं.

ड्रायव्हरशेजारी बसलेल्या आईने मान वळवून विचारलं, "कसे आहेत गं हे?"

हर्षालीने वडिलांचा हात हातात घेतला. "सायरन वाजतोय ना, आई."