बुवांचा गहिवर

'विठ्ठ...' म्हणताना मारुतीबुवांचा श्वास तुटला. पुढचा 'ल' ओठांवरच राहिला. बुवांनी डोळे मिटून छातीवर हात ठेवला. कपाळावर घाम डवरला.

मांडवात हुंदके फुटले. "देव भेटला बुवास्नी!" पुढं बसलेल्या मंगलनं पदर डोळ्यांना लावला.

निपाणीकडच्या त्या तंबाखू पिकवणाऱ्या गावात बुवांचा गहिवर नावाजलेला. पूर्वी ते नुसतेच सुरेल होते. मग एकदा भर कीर्तनात त्यांनी बिडीचं बंडल देवापुढं कायमचं ठेवलं, आणि त्यानंतर हा गहिवर सुरू झाला. देवळाच्या पायऱ्या चढताना यायचा. सायकल ढकलतानाही यायचा. लोक तिथंच रस्त्यात हात जोडायचे.

आज बुवा खाली बसले ते उठेनात. पाया पडायला रांग लागली. कुणी हार घातला, कुणी बुक्का लावला. बुवा जीव एकवटून पुटपुटले, "गाडी... गाडी आणा..."

"वैकुंठाची गाडी दिसाय लागली त्यास्नी!" पखवाज्या महादेव गदगदून ओरडला. रांग आणखी वाढली.

बुवांची बायको अक्काताई टाळ टाकून उठली. "सरका मुडद्यांनो! देव न्हाय, हार्ट अटॅक हाय ह्यो!" तिनं बुवांच्या खिशातून वेपची नळी उपसली. "बिडी सोडली आन् चोरून हे वढत्यात. म्हनं, धूर न्हाय गं, वाफ हाय!"

नळीला हापूस आंब्याचा वास होता. महादेवानं ती आधी कपाळाला लावली, मग गाडी आणायला पळाला.

"थोडक्यात वाचले," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "बिडी काय न् ही काय, निकोटीन तेच. नसा आवळतं, काळजाला धाप लावतं. पुन्हा ओढली तर माझ्याकडं आणू नका."

बुवांनी नळी सोडली. पाच महिन्यांनी ते पुन्हा कीर्तनाला उभे राहिले. 'विठ्ठल' म्हणाले, अख्खं, एका श्वासात. सूर मांडवाबाहेर पार उसाच्या फडापर्यंत गेला, तरी तुटला नाही.

कुणाचेच डोळे ओले झाले नाहीत. महादेव मंगलच्या कानाशी लागला, "भक्ती आटली गं बुवांची."

मागं टाळ धरून अक्काताई तेवढी ढसाढसा रडत होती.