लाल रेघ

टोक्तोनालीने तिसरी बंदूकही खांद्याला लावली आणि दुकानाच्या खिडकीतून समोरच्या पॉपलरच्या शेंड्यावर रोखली.

"हीच न्या, आक्सकाल," दुकानदार जुमाश म्हणाला. त्या भागात पांढऱ्या दाढीच्या माणसाला असंच हाकारतात. "नवीकोरी आहे. दुर्बीण एवढी मोठी, की रानबोकडाच्या पापण्या मोजाल."

"पापण्या मोजून काय करू? मला एकच बंदूक हवी. लांडग्याला चालेल, डुकराला चालेल, कड्यावरच्या बोकडालाही चालेल. आणि माझ्याकडे पैसे दोन मेंढ्यांचे आहेत, घोड्याचे नाहीत."

शेवटी त्याने कोपऱ्यातली जुनी, सोव्हिएत काळातली बंदूक उचलली. दस्त्यावर ओरखडे होते, पण नळी आतून लख्ख होती. तिच्यावर लहानशी, साधी दुर्बीण. ती धरून ठेवणाऱ्या दोन कड्या मात्र त्याने दुकानातल्या सगळ्यात महाग घेतल्या.

"बंदूक स्वस्तातली आणि कड्या महागाच्या?" दाराशी उभी असलेली त्याची मुलगी आयझिरेक म्हणाली.

"कडी हलली की दुर्बीण हलते, पोरी. मग भारीतली भारी बंदूकसुद्धा नुसती काठी."

आयझिरेक गावच्या शाळेचं ग्रंथालय सांभाळायची. आई गेल्यापासून घरात दोघंच होती. गेल्या हिवाळ्यात बाबांना खिंडीतून घोड्यावर बांधून आणलं होतं, ओठ निळे पडलेले. जुन्या बंदुकीची नळी झिजली तेव्हा तिला वाटलं होतं, सुटलो. आज ती सोबत आली होती ती बाबा रिकाम्या हाताने परतावेत म्हणून.

"सत्तरी आली की," जुमाश पैसे मोजत म्हणाला. "कुठवर चढणार?"

"माझी गोळी चुकेल त्या दिवशी बंदूक भिंतीला टांगीन. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. उगाच मेर्गेन म्हणतात का मला?"

मेर्गेन म्हणजे ज्याचा नेम चुकत नाही तो. गावात ते नाव एकट्या त्याचंच होतं.

दुपारी घरामागे त्याने नेम बसवला. आयझिरेकच्या शिवणयंत्राचा छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन कड्यांचे स्क्रू आवळले. शंभर पावलांवर फळी उभी केली. तीन गोळ्या झाडल्या. आयझिरेक फळी घेऊन आली तेव्हा तिन्ही भोकं चहाच्या एका वाटीखाली झाकली गेली असती.

"तुझी ती नखांना लावायची बाटली आण."

प्रत्येक स्क्रूच्या माथ्यावरून कडीपर्यंत त्याने बारीक लाल रेघ ओढली. "ही तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू हलला. इथले सगळे शिकारी आधी रेघ बघतात, मग बाकीचं." कुंचल्याला उरलेला रंग त्याने तिच्या अंगठ्याच्या नखाला फासला. "वाया कशाला घालवायचा?"

ती हसली. मग म्हणाली, "उद्या जाऊ नका, बाबा."

"बेकबोलोतला शब्द दिलाय. त्याच्या घरी लग्न आहे. बोकड मी आणणार, तोही येतोय सोबत."

"मी सांगितलं तर?"

"तू रोजच सांगतेस." त्याने स्क्रूड्रायव्हर आणि बाटली तिच्या हातात दिली, बंदूक शिवणयंत्राला टेकवली आणि तो नमाजाला गेला.

सकाळी घोड्यावर बसताना त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं.

"दुसरंही रंगवलंस वाटतं."

तिने हात बाहीत ओढून घेतला. "एकटं बरं दिसत नव्हतं."

"आईवर गेलीस. तीही एकटं काही ठेवायची नाही."

तो हसतच गेला. दुसऱ्या दिवशी बेकबोलोत त्याला घोड्यावर आडवा घालून घेऊन आला.

बोकड दोनशे पावलांवर निवांत उभा होता, असं बेकबोलोतने सांगितलं. गोळी पोटात लागली. जखमी जनावर मागे सोडून यायचं नाही, ही टोक्तोनालीची रीत. बंदूक बेकबोलोतच्या हातात देऊन तो सुरी घेऊन रक्तामागे निघाला. पुढची वाट बर्फाची होती; तिथे त्याचा पाय घसरला.

अंगणात नमद्याचा, जाड लोकरी कापडाचा तंबू उभारला आणि त्याला आत ठेवलं. दफन तिसऱ्या दिवशी व्हायचं होतं. आयझिरेक भिंतीकडे तोंड करून शेजारी बसली. नमद्याच्या भिंतीतून बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

बेकबोलोतने फळीवर तीन गोळ्या झाडून पाहिल्या होत्या. तिन्ही वीतभर उजवीकडे गेल्या. मग सगळे कड्यांवर वाकले.

"रेघा बघा," जुमाशचा आवाज आला. "एकही तुटलेली नाही. स्क्रू हललेला नाही. माझ्या मालात खोट नाही."

कुणाला स्क्रूला हात लावायची गरजही वाटली नाही.

"म्हणजे नेमच चुकीचा बसवला म्हाताऱ्याने," बेकबोलोत म्हणाला. "नजर गेली होती. आम्हाला कळू दिलं नाही."

"आणि मेर्गेन म्हणे," कुणीतरी पुटपुटलं. दोघंतिघं दबक्या आवाजात हसले.

नुरिपा आत्याने आयझिरेकच्या बरगडीत कोपर मारलं.

"दोन दिवस तोंड शिवून बसलीयेस. बापाचा विलाप मुलीनेच म्हणायचा असतो, आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल असा. एवढी कपाटभर पुस्तकं वाचलीस, बापासाठी चार ओळी नाहीत तुझ्याकडे? बाहेर काय चाललंय ऐकतेस ना? त्याचं नाव राख."

आयझिरेकने रिवाजाप्रमाणे दोन्ही हात कमरेवर ठेवले. मान ताठ केली. पहिला सूर लागला तसं बाहेरचं बोलणं थांबलं.

"बाबा, तुमची नजर शाबूत होती," तिने भिंतीकडे पाहत, मोठ्याने म्हटलं. "तिन्ही भोकं एका वाटीखाली झाकली जात होती, मी पाहिलंय. तुमची गोळी एकदाच चुकावी आणि तुम्ही घरी राहावं म्हणून, तुम्ही नमाजाला गेलात तेव्हा स्क्रू मी सैल केले, आणि रेघ पुन्हा ओढली."