शेवटचं अक्षर

पिरोश्कानं दवाखान्याच्या जिन्यातच वहीचं शेवटचं पान पुन्हा उघडलं. शेवटच्या अक्षराभोवती स्वतः काढलेलं पेन्सिलचं वर्तुळ तिनं खोडून टाकलं होतं, तरी कागदावर वण राहिलाच होता.

वही आकोश सरांची. ती आणि सर अकरा वर्षं ज्याच्या मागे लागले होते, ते समीकरण वहीत सिद्धतेसकट पानभर पसरलं होतं. त्यातल्या बेरीज-गुणाकारासारख्या क्रियेच्या जागी दुसरी कुठलीही क्रिया घातली तरी ते टिकतं, असा सरांचा दावा. सरांनंतर हे काम आपणच पुढे न्यायचं, एवढी एकच आस तिला होती.

पण दोन गोष्टी घेऊन नुसती दुसरी परत देणारी साधी क्रिया घातली, की दोन्ही बाजूंचं शेवटचं अक्षर तेवढं उरतं. ती अक्षरं वेगळी होती. सगळंच कोसळत होतं. ही तपासणी सेगेदच्या विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. शिकवायचे सरच.

फळ्यावर मुद्दाम चूक लिहून वर्गाकडे मिश्कीलपणे बघत बसणारा हा माणूस. आजारानं त्याचं डोकंही पोखरलं, या विचारानं तिला रडू फुटलं.

वहीची दुसरी प्रत सरांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याकडे, बेंसकडे होती. काल तिनं त्याला गाठून विनवलं होतं.

"डॉक्टर म्हणतात, सरांचा रविवारही उजाडायचा नाही. त्या चुकीबद्दल गप्प बस ना!"

"खोटं नाही जमायचं मला."

"माणूस आहेस की धोंडा?"

आत खोलीत औषधांचा वास कोंडला होता. तिनं माशाच्या रश्श्याचा डबा टेबलावर ठेवला. सरांच्या उशीखालून करड्या पाकिटाचा कोपरा डोकावत होता.

"बेंस आला होता?" तिनं जपून विचारलं.

"आला नि गेला. मेल्यानं घोटभर पालिंकासुद्धा आणली नाही." सर खोकत हसले. "तू वाचलीस वही?"

"वाचली."

"शेवटपर्यंत?"

"एका अक्षराला हात लावायला नको, सर."

सरांनी वही मागून घेतली, शेवटचं पान उघडलं. त्या वणावरून त्यांचा अंगठा एकदा फिरला, मग पुन्हा फिरला.

"फार जपतेस गं मला, पोरी," ते अखेर म्हणाले. त्यांनी उशीखालचं पाकीट काढून तिच्या हातात ठेवलं.

"जाताना एवढं बेंसला दे. खरी सिद्धता यात आहे."